तिसऱ्या बाटलीचा निळा

"हे तिसऱ्यांदा," असं म्हणून धाकट्या मालकांनी कागदाची पुडी मास्तरांच्या टेबलावर उलटी केली. चांदीचे दाणे घरंगळले, दोन-चार खाली पडले. मास्तर लगेच वाकून ते वेचायला लागले. चांदी शुद्ध करण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला खाली पडलेला दाणा तसा सोडवत नाही, मग समोर मालक उभा असो की मालकाचा बाप.

"दाणे नंतर वेचा. माल परत आलाय. त्यात तांबं आहे म्हणतात. नुसतं बघूनसुद्धा कळतंय, लालसर आहे."

मास्तरांनी दाणे तळहातावर घेतले, खिडकीशी नेले, हात वर-खाली करून पाहिले. त्यांना ते चांदीच्या दाण्यांसारखे दिसले. कागदावर लालसर लिहून आलंय म्हणून ह्याला लालसर दिसतंय, असं त्यांच्या मनात आलं. धाकट्या मालकांना धंद्यात येऊन दोनच वर्षं झाली होती आणि त्यांचा कागदावर फार विश्वास होता.

"टाकी ठीक आहे," मास्तर म्हणाले. "धुण्यात राहिलं असेल."

हे वाक्य त्यांनी वाईट मनाने म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर कुठल्याच मनाने म्हटलं नव्हतं. बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत मास्तर जे काही बोलत ते असंच, समोरचा गप्प व्हावा एवढ्यापुरतं असे. कुणी जेवलात का विचारलं तर हो. बरं आहे ना विचारलं तर बरं आहे. टाकी कशी आहे विचारलं तर ठीक आहे.

धाकट्या मालकांनी मात्र ते वाक्य उचललं. "मलाही तेच वाटत होतं. शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर धुण्यावर दुसरं माणूस."

धुण्यावर वहिनी होत्या. त्या कुणाच्याच वहिनी नव्हत्या. त्यांचा नवरा इथे भट्टीवर होता, तो सगळ्यांचा भाऊ म्हणून ह्या वहिनी. तो गेल्यावर जुन्या मालकांनी त्यांना धुण्याच्या टेबलावर बसवलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि ह्या. कमावणारे हात दोनच, तेही डागांनी काळे. चांदीच्या पाण्याचे डाग कातडीवर काळे पडतात आणि कातडी बदलेपर्यंत जात नाहीत.

कारखान्याचं काम ऐकायला सोपं आहे. जुनी भांडी, मोडकी तबकं, यंत्रांतले चांदीचे तुकडे असं भंगार येतं. भट्टीवाला ते वितळवून त्याचे पाटे ओततो. मास्तर ते पाटे कापडी पिशव्यांत घालून टाकीत टांगतात. टाकीत चांदी विरघळलेलं आम्लाचं पाणी असतं, समोर स्टीलचा पत्रा असतो. करंट सोडला की पाटा झिजत जातो आणि शुद्ध चांदी दाण्यादाण्यांनी पत्र्यावर येऊन बसते. घाण पिशवीत राहते. तांबं मात्र पाण्यात उतरतं आणि पाणी निळं होत जातं. निळेपणा एका मर्यादेपर्यंत चालतो. मर्यादा ओलांडली, की तांबंही चांदीचा हात धरून पत्र्यावर जाऊन बसतं. म्हणून वेळेवर थोडं पाणी काढायचं आणि चांदीचं ताजं पाणी घालायचं. कधी काढायचं ते मास्तर ठरवत. काचेच्या नळीत पाणी घेऊन खिडकीसमोर धरायचं, बघायचं, संपलं.

पत्र्यावरचे दाणे खरवडून वहिनींकडे जात. त्या गरम पाण्याने ते धूत, शेवटच्या पाण्यात अमोनियाचा थेंब टाकत. निळी झाक आली की तांब्याचं पाणी दाण्यांना अजून चिकटलेलं आहे, परत धुवा. झाक नाही आली की दाणे स्वच्छ.

त्याच दुपारी वहिनी मास्तरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पुसत होत्या, पुसून झाले तरी पुसत होत्या.

"मास्तर, तुम्ही म्हणालात म्हणे, धुण्यात राहिलं."

"राहिलं असेल, म्हणालो."

"माझ्या हातून अमोनिया टाकल्याशिवाय एक दाणा पुढे जात नाही. तुम्हीच शिकवलंय. आता तर मी दोन-दोनदा बघते."

"मग तांबं येतं कुठून?"

"ते मी कसं सांगू? टाकी तुमची आहे."

त्या गेल्या. मास्तर बराच वेळ दाराकडे बघत राहिले. त्यांना राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. दोन्हींपैकी काही झालं नाही. पण वहिनी बोलल्या त्यात एक गोष्ट होती, ती डोक्यात रुतून बसली. धुण्याच्या पाण्यात तांबं नाही आणि चांदीत आहे. म्हणजे ते दाण्याच्या अंगावर नाही, दाण्याच्या पोटात आहे. पोटातलं तांबं कितीही धुतलं तरी जात नाही. आणि ते पोटात जातं ते टाकीतच.

अर्थात वहिनी खोटं बोलत असल्या तर गोष्ट वेगळी. मास्तरांनी हाही विचार करून पाहिला. नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती. स्वतः त्यांतलेच एक असू, हे मात्र त्यांच्या डोक्यात यायला अजून चार दिवस होते.

मंगळवारी त्यांनी सगळ्या पिशव्या बाहेर काढून उजेडासमोर धरल्या. एकीची शिवण उसवली होती. ती बदलली. पण फाटक्या पिशवीतून काळा गाळ बाहेर येतो, तांबं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी हाताला काम हवं होतं.

बुधवारी मीटर तपासले. करंट नेहमीइतकाच. दाणे लांब वाढून पाट्याला टेकले आणि शॉर्ट झालं असंही नाही. आम्ल मोजलं, बरोबर. टाकीत घालायच्या पाण्यात चांदीच्या पाण्याचा थेंब टाकून पाहिला, दुधाळ झालं नाही, म्हणजे नळाचं पाणी कुणी ओतलेलं नाही.

गुरुवारी ते भट्टीवाल्याकडे गेले. हा नवा भट्टीवाला, नवा म्हणजे एकोणीस वर्षं जुना, वहिनींच्या नवऱ्याच्या जागी आलेला.

"पाट्यांत काय टाकतोस हल्ली?"

"जे येतं ते टाकतो. माझ्या घरचं काही टाकत नाही."

"तांबं जास्त आहे का?"

"मास्तर, भंगारात तांबं नसेल तर तुमची-माझी गरजच काय? लोक थेट सोनाराकडेच नाही का जाणार?" त्याने चिमटा खाली ठेवला. "पण एक सांगू? पूर्वी तुम्ही महिन्यातून चारदा पाणी काढायचात. आता दीड महिना झाला, काढलं नाहीत. मालक खूश आहेत, चांदीचं पाणी वाचतंय म्हणून. पण मी आपला मोजतोय."

"फिकं आहे पाणी. काढायला कशाला हवं?"

"तुम्ही म्हणता तर असेल," भट्टीवाला म्हणाला आणि पुन्हा चिमटा उचलला. टाकीतलं पाणी किती निळं म्हणजे जास्त निळं, हे कारखान्यात एकट्या मास्तरांना कळत होतं. बाकीच्यांना ते नुसतं निळं दिसे.

संध्याकाळी मुलगी डबा घेऊन आली. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि एक दिवसाआड यायची. आल्या आल्या ती अंथरूण झटकायला लागली.

"बाबा, मागच्या खेपेला नवी चादर आणली ती कुठाय?"

"ती पिवळी ना? कपाटात आहे. तुझ्या आईला पिवळी आवडत नव्हती."

मुलगी थांबली. "पांढरी आहे ती."

"असेल."

तिने कपाट उघडून चादर काढली, वडिलांसमोर धरली आणि अंथरली. पुढे बोलून उपयोग नाही, हे तिला गेल्या आठ महिन्यांत पाठ झालं होतं. वडिलांचं लक्ष कशातच नसतं, असा तिने समज करून घेतला होता. वडिलांनीही तोच करून घेतला होता. शेजारच्या आजोबांनी तर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की माणूस गेलं की सगळं फिकंच दिसतं हो, मला दोन वर्षं तसं दिसत होतं. मास्तरांनी ते ऐकलं आणि हिशेब मिटला. रस्ता मळकट दिसे, दूध पिवळट दिसे, आकाश धुतलेल्या फडक्यासारखं दिसे. रडू काही आलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तेव्हा दुःख आपल्याकडे ह्या वाटेने आलं असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

"आई असती तर डोळ्यांचं काम केव्हाच होऊन गेलं असतं," मुलगी डबा उघडताना म्हणाली. ती सहज म्हणाली. आईची आठवण काढायचे तिचे ठरलेले दोन-तीन रस्ते होते, त्यांतला हा एक.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख बायकोनेच घेतली होती. गुरुवार होता तो. ती गेली त्याच्या आधीच्या सोमवारी. शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला, का आला नाहीत म्हणून. मास्तर म्हणाले, घरात अडचण आहे. बरं, मग कळवा, असं पलीकडची बाई म्हणाली. त्यांनी कळवलं नाही. सोबत येणाऱ्या माणसाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहून दिलं होतं, आणि ते खोडून दुसरं सांगायला लागेल, एवढीच अडचण होती.

मास्तर जेवले. भाजीचा रंग कसा आहे ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. पालेभाजी होती. ती त्यांना तपकिरी दिसली.

शुक्रवारी सकाळी ते लवकर गेले. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, खिडकीसमोर धरलं. फिकं. राखेच्या पाण्याहून थोडंसं बरं, एवढंच. मग त्यांनी कपाटाच्या तळाशी हात घातला आणि पाच बाटल्यांचं खोकं बाहेर ओढलं.

या बाटल्या त्यांनी कामाला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी केल्या होत्या. पाच बाटल्यांत पाच प्रकारचं निळं पाणी, कमी तांब्यापासून जास्त तांब्यापर्यंत, तोंडं मेणाने बंद. टाकीचं पाणी तिसऱ्या बाटलीइतकं निळं झालं की काढायला घ्यायचं. चौथीपर्यंत जाऊ द्यायचं नाही. पहिली दहा वर्षं ते रोज नळी बाटलीशेजारी धरून बघत. मग नजर इतकी बसली, की बाटल्या काढणं कमीपणाचं वाटायला लागलं. स्वयंपाकात मुरलेल्या माणसाने मीठ चमच्याने मोजावं, तसं. वीस वर्षं खोकं उघडलं नव्हतं. आम्लाच्या वाफेने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून गेल्या होत्या.

त्यांनी पाचही बाटल्या खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या आणि क्रमाने लावायला घेतल्या. सगळ्यांत गडद एक सापडली. सगळ्यांत फिकी एक सापडली. मधल्या तिघी त्यांना एकसारख्या दिसल्या. त्यांनी जागा बदलून पाहिल्या. डोळे चोळून पाहिले. बाहेर ऊन चांगलं होतं, खिडकीची काच पुसलेली होती. तिघींत काही फरक नव्हता.

ते स्टुलावर बसले. काय झालंय ते त्यांना कळलं होतं, पण त्यांची पद्धत अशी होती की एका तपासणीवर निकाल द्यायचा नाही. त्यांनी वहिनींना हाक मारली.

"ह्या जरा लावून द्या. फिक्यापासून गडदपर्यंत."

वहिनींना वाटलं, त्यांचीच परीक्षा चालू आहे. त्यांनी मास्तरांकडे एकदा पाहिलं, मग बाटल्यांकडे. बांगड्या चढवाव्यात तशा पटापट पाच बाटल्या ओळीने लावल्या आणि हात मागे घेतला.

"आता ही नळी. हिची जागा कुठे?"

वहिनींनी नळी पहिल्या बाटलीपासून सरकवत नेली. तिसरी गेली, चौथी गेली. पाचवीपाशी त्या थांबल्या, मग नळी पाचवीच्याही पलीकडे, नुसत्या कठड्यावर धरून उभ्या राहिल्या.

"इथे," त्या म्हणाल्या. "इथे बाटलीच नाही."

"खात्री आहे?"

"ह्यात खात्री काय करायची? शाईसारखं आहे." त्यांनी नळी हळूच स्टँडला लावली. "मास्तर, तुम्हाला दिसत नाही?"

"नाही दिसत."

"कधीपासून?"

मास्तर बाटल्या खोक्यात भरायला लागले. वहिनी थांबल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर सोपं झालं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते, चार शब्द ऐकवायचा हक्क होता त्यांचा. त्यांनी दारातून मागे वळून एवढंच विचारलं, "उद्या शनिवार. मी डबा आणू का नको?"

"आणा," मास्तर म्हणाले.

शनिवारी मास्तर सगळ्यांच्या आधी धाकट्या मालकांच्या खोलीत गेले. बसा म्हटल्यावरही उभेच राहिले आणि आठवड्याचं काम सांगावं तसं सगळं सांगितलं. पिशव्या, मीटर, आम्ल, पाणी, पाटे, आणि मग डोळे. धुण्यात दोष नाही, टाकीत तांबं हाताबाहेर गेलंय, आणि ते मला दिसलं नाही.

धाकट्या मालकांनी उठून दार लोटलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"वहिनींना."

"अजून कुणाला सांगू नका. मी गिऱ्हाइकाला कालच सांगितलंय, धुण्यावरचं माणूस बदलतोय म्हणून. त्यांना पटलं. टाकीवरच्या माणसाला दिसत नाही म्हटलं तर आजवरच्या सगळ्या मालावर शंका घेतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तर. तुम्ही डोळे करून घ्या, पाणी बदला. वहिनींना मी दोन महिन्यांचा पगार जास्त देतो. बाहेर कुठे शब्दही टाकतो."

वाईट माणूस नव्हता तो. त्याने उभ्या उभ्या काढलेला तो तोडगा होता आणि त्याच्या दृष्टीने त्यात कुणाचंच फार बिघडत नव्हतं. मास्तरांनीही ते ऐकून घेतलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं. आठ महिने ते सगळ्यालाच हो म्हणत आले होते.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"गिऱ्हाइकाला माझं नाव सांगा."

"मास्तर, समजून घ्या."

"धुणं चोख आहे. एकोणीस वर्षं चोख आहे. मी तोंडातून शब्द काढला म्हणून त्यांचं नाव निघालं. तो मागे घ्यायला आलोय. तुम्ही नाही सांगितलंत तर मी फोन करतो, नंबर बाहेर पाटीवर आहे."

धाकटे मालक खुर्चीत मागे टेकले. आवाज चढवायचा की नाही, ते त्यांचं ठरत नव्हतं. "असं कसं होईल? आठ महिने माणसाला नीट दिसत नाही आणि त्याला कळत नाही?"

"कळत होतं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, बायको गेली म्हणून असेल."

धाकट्या मालकांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाहेर भट्टीचा पंखा सुरू झाला. मास्तरांना स्वतःचं वाक्य स्वतःच्याच कानाने ऐकू आलं आणि ते किती वेड्यासारखं आहे ते कळलं, आणि तरी त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"तोवर टाकी कोण बघणार?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"वहिनी. त्यांना दिसतं. बाकीचं मी सांगेन."

"आणि तुम्ही?"

"द्याल ते काम."

"डोळे झाले की मग बघू," धाकटे मालक म्हणाले. मालकांच्या ह्या 'बघू'चा अर्थ कारखान्यात सगळ्यांना माहीत होता आणि मास्तरांना सगळ्यांपेक्षा आधीपासून माहीत होता. त्यांनी मान डोलावली.

दुपारी त्यांनी दवाखान्यात फोन लावला. सोबत कोण येणार, असं बाईने विचारलं. मुलगी, असं त्यांनी सांगितलं आणि नाव लिहून घेईपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.

सोमवारी टाकी उपसली. निम्मं पाणी काढून ताजं घातलं. काढलेल्या पाण्यात उरलेली चांदी वाया जाऊ नये म्हणून त्यात तांब्याचे पत्रे टांगले, चांदी त्यांच्यावर येऊन बसते. कुठला कॉक आधी उघडायचा, दाणे कधी खरवडायचे, वास कसा आला की पंखा लावायचा, हे सगळं मास्तर सांगत गेले आणि वहिनी करत गेल्या. एकदा सांगितलेलं त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. भट्टीवाला मध्येच डोकावला, दोघांकडे पाहिलं, काहीतरी विनोद करणार होता, तो गिळून परत गेला.

मग पत्र्यावरचे पहिले दाणे निघाले आणि धुण्याच्या टेबलावर कुणी नव्हतं. मास्तर जाऊन तिथे बसले. स्टूल त्यांच्या उंचीला बुटकं होतं, गुडघे वर येत होते. त्यांनी बाह्या दुमडल्या, दाणे भांड्यात घेतले, वर गरम पाणी ओतलं, हाताने ढवळलं, पाणी ओतून दिलं. पुन्हा ओतलं, पुन्हा ढवळलं. चार पाणी झाल्यावर पाचवं काचेच्या पेल्यात घेतलं आणि त्यात अमोनियाचा थेंब टाकला. पेला उजेडासमोर धरला. त्यांना पाण्यासारखं पाणी दिसलं.

ते पेला तसाच धरून बसून राहिले. टाकीपाशी वहिनींच्या हातात नळी होती. त्यांनी ती ठेवली, हात पुसले आणि इकडे आल्या. न सांगता वाकून पेल्यात पाहिलं.

"आहे अजून," त्या हळू आवाजात म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा. "आणखी एक पाणी घ्या, मास्तर."

मास्तरांनी किटली उचलली.